शेतकामाचे चलचित्र गावानेच घ्यावे

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा मागे पडले की वर्ध्याच्या अलीकडे धामणगाव रेल्वे हे तालुक्याचे ठिकाण लागते. यवतमाळकडे जाणारा उतारू पिढ्यान्पिढ्या याच स्थानकावर उतरत आला आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथील मुख्य पिके होत. या भागातील कोणत्याही गावच्या पारावर श्रावणात सायंकाळी चार शेतकरी बसलेले असावेत, आणि त्यांतील एकाच्या मोबाईलवर पऱ्हाटीच्या फवारणीचे चलचित्र चालू असावे, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. ते चलचित्र कोठले, कोणत्या वर्षीचे, बोलणारा मनुष्य शेतकरी की विक्रेता, याचा पत्ता मात्र कोणालाच नसतो. जमीन पाहावी तर तांबडी, भाषा हिंदी, आणि सल्ला असा की तीन औषधे एकाच पंपात मिसळावी. तरीही त्यावर विश्वास बसतो. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, असे मनुष्याला स्वभावतःच वाटते.

याला उपाय म्हणून मोबाईलकडे पाहू नका असे सांगणे निरर्थक आहे. त्याच मोबाईलवर त्याच तालुक्यातील मातीचे, ओळखीच्या माणसांचे आणि तज्ज्ञांनी तपासलेले चलचित्र गेले पाहिजे. ते घेण्याचे काम पुण्या-मुंबईच्या चित्रशाळेवर सोपवून भागणार नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आणि शेतकऱ्याने ती कला हस्तगत करावी. तिफण धरणे जितके अवघड आहे तितकी ती अवघड नाही.

प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. सन २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, औषधांची मिश्रणे वापरली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते आणि फवारा तोंडावर येत होता. यांपैकी बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. डब्यावरील बारीक अक्षरातली सूचना मजुराला वाचता येत नाही. परंतु वारा पाठीकडून असावा म्हणजे नेमके कोठे उभे राहावे, हे दोन मिनिटांच्या चित्रात त्याला कळते. तेव्हा कोणत्याही गावाने पहिले चलचित्र घ्यावयाचे ते सुरक्षित फवारणीचेच घ्यावे.

हे चित्र घेताना एक पथ्य कडक पाळावे. पंपात औषध न घालता स्वच्छ पाणी भरावे. चित्र घेणारा मनुष्य फवाऱ्याच्या समोर उभा असतो आणि एकेक कृती दोन-तीनदा करून दाखवावी लागते. इतरांना सावध करताना आपणच विष अंगावर घेणे हा शहाणपणा नव्हे. काठीला कापडाची चिंधी बांधून ती धुऱ्यावर रोवली की वाऱ्याची दिशा चित्रात स्पष्ट दिसते. तुंबलेली तोटी तोंडाने न फुंकता तारेने वा काडीने साफ करणारा हात, मिश्रण ढवळणारी काठी, हातमोजे, तोंडावरची पट्टी, आणि काम संपल्यावर साबणाने धुतलेले हातपाय हे प्रसंग जवळून घ्यावेत. फवारणाऱ्याचा चेहरा फार वेळ दाखवण्याची आवश्यकता नाही. शिकणाऱ्याची नजर हातावर असते. नवशिक्या चित्र घेणाऱ्याचा कल नेमका उलट, म्हणजे चेहरा आणि हारतुरे टिपण्याकडे असतो, ही त्याची पहिली खोड होय.

चलचित्रातून पिकाचे ज्ञान देण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यापूर्वी १९१२ मध्ये भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी जे लहानसे चित्र घेतले ते होते ‘अंकुराची वाढ’. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपून त्यांनी ती पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखवली. भारतीय चित्रपटाच्या जनकाने आरंभीच एका रोपट्याला नायक केले, ही गोष्ट शेतकी खात्याच्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

तीच युक्ती आज सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी दाखवण्यास तंतोतंत उपयोगी पडते. मे महिन्यात घरच्या बियाण्यातून १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ते ओलसर राखावे. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून गोणपाट उलगडून काही क्षणांचे चित्र घ्यावे. मोबाईल हलू नये म्हणून तो दोन विटांच्या मध्ये ठेवून विटांची जागा खडूने आखून घ्यावी. सहा-सात दिवसांचे हे तुकडे एकापुढे एक जोडले म्हणजे दाण्यांना फुटलेले कोंब आणि न फुटलेले दाणे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळे होतात. शेवटी कोंब मोजणारे बोट दाखवावे आणि आकडा पाटीवर लिहावा. ७० वा त्याहून अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीस योग्य. बाजारातील महाग पिशवी घ्यावी की घरचे बी पेरावे, हा निर्णय त्या पाटीवरच्या आकड्यावर अवलंबून असल्याने तो तोंडी सांगून थांबू नये. औषधाचे प्रमाण, बियाण्याचे वजन, दोन ओळींतील अंतर यांनाही हाच नियम लावावा. ऐकलेला आकडा वाऱ्यावर जातो.

प्रकाशाच्या बाबतीत वऱ्हाडच्या शेताची एक खास अडचण आहे. जमीन काळी आणि फुटलेले बोंड पांढरे. भर दुपारी दोन्ही एका चित्रात घेतली की एकतर कापूस नुसता पांढरा डाग दिसतो, नाहीतर माती काजळासारखी होते. म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, ऊन चित्र घेणाऱ्याच्या पाठीशी वा बाजूला असताना काम उरकावे. मोबाईलच्या काचेवर बोंडाच्या जागी बोट टेकवले असता यंत्र त्या जागेपुरता प्रकाश बेतून घेते. बोंडअळीसारखी बारीक वस्तू दाखवताना मोबाईल अगदी चिकटवू नये, त्याने चित्र अस्पष्ट होते. वीतभर अंतर ठेवून मागे काळे फडके धरावे आणि शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे अळी केवढी ते न सांगताही कळते.

आवाजाकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तेथेच सारे फसते. चित्र थोडे अंधूक असले तरी लोक पाहतात, पण शब्द कळेना झाले की उठून जातात. माळरानावरचा वारा मोबाईलच्या तोंडाशी घोंगावत राहतो. शर्टाला अडकवण्याचा लहान ध्वनिग्राहक मिळाल्यास उत्तम. नाहीतर शेतात केवळ कृतीचे चित्र घ्यावे आणि निवेदन घरी येऊन, दारे-खिडक्या लावून, भिंतीशी गोधडी टांगून मागाहून भरावे. निवेदन येथील बोलीत असावे. पऱ्हाटी, वावर, धुरा, डवरा, सोंगणी हे शब्द सोडून कार्यालयातील टिपणीची भाषा वापरली तर शेतकऱ्याला ते भाषण वाटते, शेत वाटत नाही. चित्र घेण्याची रीत तर एका दमात सांगता येते. प्रथम दुरून सारे वावर, मग काम करणारा मनुष्य, मग हात; प्रत्येक तुकडा मनात दहा अंक मोजेपर्यंत स्थिर; एका चित्रात एकच काम; आणि एकूण लांबी पाच मिनिटांच्या आत.

तुकडे जोडण्याचे काम येत नाही अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. तालुक्याच्या गावी लग्नाचे चित्रण करणारे तरुण असतातच. त्यांच्यापाशी चांगला कॅमेरा, संगणक आणि कसब तिन्ही असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, म्हणजे त्यांचा धंदा मंद असतो आणि नेमका त्याच काळात खरिपाचा हंगाम चालू असतो. ग्रामपंचायतीने, सहकारी सोसायटीने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने त्यांना रास्त मोबदला देऊन हे काम सांगितले तर दोघांचीही सोय होते. कंपनीला आपल्या तूरडाळीची वा बियाण्याची माहिती गिऱ्हाइकापुढे मांडण्यासाठीही तेच हात उपयोगी पडतील. मात्र वरातीचे संगीत, फिरत येणारी अक्षरे आणि गुलाबी रंगाची झाक ही लग्नाच्या मांडवातच ठेवावी अशी अट त्यांना पहिल्याच दिवशी घालावी. निंबोळी अर्क गाळण्याच्या कृतीला सनईची साथ लागत नाही.

चलचित्र तयार करून मोबाईलवर सोडून दिले की कर्तव्य संपले, असा एक समज अलीकडे बळावला आहे. तो चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा याच राज्याच्या इतिहासात आहे. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे वीस माणसांनी एकत्र बसून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावा आणि नंतर त्यावर चर्चा करावी, असे त्याचे स्वरूप होते. ज्या गावांत केवळ रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्यापेक्षा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे पाहणीत दिसून आले. पुढे अर्धशतकानंतर, २००६ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाने शेतकऱ्यांचीच चलचित्रे शेतकऱ्यांना दाखवली. त्यांनीही दाखवणारा मनुष्य चित्रापाशी उभा ठेवला. तो मध्येच चित्र थांबवतो, प्रश्न विचारतो, कोणी कृती करून पाहिली त्याची नोंद ठेवतो. पहिल्या चाचणीत, नेहमीच्या विस्तारपद्धतीशी तुलना करता, काही सुधारित पद्धतींचा स्वीकार सातपट झाल्याचे त्या उपक्रमाच्या संशोधकांनी नोंदवले आहे. त्या यशात यंत्राइतकाच चित्र थांबवणाऱ्या माणसाचाही वाटा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यावर आधीच कामाचा बोजा आहे, नोंदी आहेत, पंचनामे आहेत, त्यात हे आणखी कोठून, असा आक्षेप निघेल. तो अगदीच गैर नाही. परंतु तीच डोमकळी आणि तोच कामगंध सापळा बारा गावांत बारा वेळा समजावून सांगण्यात जे दिवस जातात, त्यांपैकी काही निश्चितच वाचतील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अपुऱ्या माहितीचा मनुष्य चुकीचे चित्र घेईल आणि चूक गावोगाव पसरेल. यासाठी कृषी विज्ञान केंद्रातील वा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञाने तपासल्याखेरीज कोणतेही चित्र बाहेर जाऊ नये. चूक आढळलीच तर गुपचूप चित्र काढून न घेता, कोणता आकडा चुकला हे नवे चित्र घेऊन त्याच लोकांना सांगावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रत्येक चित्राच्या आरंभी पाटीवर गाव, तालुका, तारीख, वाण आणि पेरणीचा दिवस लिहावा. नुसते ‘धामणगाव’ लिहून चालणार नाही. एक धामणगाव गढी याच जिल्ह्यात अचलपूरकडे, मेळघाटाच्या पायथ्याशी आहे आणि एक धामणगाव बढे बुलढाणा जिल्ह्यात आहे. माती आणि पाऊस सर्वत्र सारखा नाही. जुन्या हंगामाचे चित्र नव्या हंगामात फिरू लागले तरी तारखेवरून शेतकऱ्याला ते ओळखता येईल.

या हंगामासाठी फवारणीच्या चित्रानंतर दुसरा क्रम गुलाबी बोंडअळीचा लावावा. तिची पहिली खूण म्हणजे डोमकळी, पाकळ्या आतून जुळल्याने न उमललेले गुलाबाच्या कळीसारखे फूल. सकाळी शेजारच्या उमललेल्या फुलासोबत ती एकाच चित्रात घ्यावी, मग ती तोडून, उकलून आतील अळी दाखवावी, आणि कळी नष्ट करणारा हातही दाखवावा. त्यानंतर सापळ्यातील पतंग मोजून, सलग तीन दिवस रोज ८ ते १० पतंग आढळल्यास उपाय योजावा, हे पाटीवर लिहावे. डोमकळी दिसते ती पऱ्हाटीला फुले धरू लागतात त्या सुमारास, म्हणजे पेरणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी. तेवढ्या दिवसांत मोबाईल घेऊन कोणी वावरात गेले नाही, तर हे चित्र पुढच्या वर्षावर जाते आणि अळी मात्र याच वर्षी बोंडात शिरते.