हलका चाप हवा, पण रीतसर

नाशिक हे हातांनी कमावणाऱ्यांचं शहर आहे. सातपूर-अंबडमध्ये पॉवर प्रेस चालतात, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीची कात्री चालते, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले अनेक जण इथेच स्थायिक होतात. बोट चिरडणं, कंडरा तुटणं, मनगटातली नस दबणं ही दुखणी इथल्या हाडांच्या दवाखान्यांना नवी नाहीत. याच शहराला नेमबाजीचाही वारसा आहे. माजी पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम इथलेच. अंजली भागवतसारख्या नेमबाजांना त्यांनी घडवलं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलचं कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसळेनेही सुरुवातीचे धडे नाशिकमध्येच गिरवले.

मग हात दुखावलेल्या नेमबाजाने काय करायचं? रिव्हॉल्व्हरचा चाप त्याला जड जातो, म्हणून तो हलका करून घ्यावा, ही त्याची मागणी रास्त आहे. ती लाडाची किंवा पळवाटीची मागणी समजू नये. मात्र ती पुरी करण्याची वाट आज अंधारी आहे आणि धोका तिथेच आहे.

आधी हातात काय घडतं ते पाहू. पिस्तूल धरतात मधलं बोट, अनामिका आणि करंगळी. तर्जनीने फक्त चाप मागे घ्यायचा असतो. घोडा आधी न ओढता रिव्हॉल्व्हर झाडायचं असेल, तर त्या एका बोटाला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. कमकुवत बोटाला तेवढा जोर एकट्याने पेलत नाही. मग ते सगळ्या पंजाची मदत घेतं, मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड हलतं. मागची आणि पुढची माशी यांत सुमारे 35 सेंटिमीटर अंतर असलेल्या स्पर्धेच्या पिस्तुलात पुढची माशी एक मिलिमीटर हलली, की दहा मीटरवरचा नेम जवळपास 29 मिलिमीटर चुकतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मन कितीही स्थिर असलं, तरी जड चाप दुखऱ्या हाताचा घात करतो.

म्हणून लोक ओळखीच्या कारागिराला गाठतात. हे थांबायलाच हवं. चाप हलका करताना मुख्य स्प्रिंग गरजेपेक्षा ढिली झाली, तर घोडा काडतुसाच्या प्रायमरवर पुरेशा जोराने आदळत नाही आणि गोळी सुटतच नाही. घोडा अडवणारी कड नको तितकी घासली गेली, तर धक्का लागून तो आपोआप सुटू शकतो. पहिल्या चुकीत स्वसंरक्षणासाठी बाळगलेलं शस्त्र ऐन वेळी दगा देतं, दुसरीत शेजारी उभा असलेला माणूस जातो. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती, फेरफार आणि चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही, हे इथे विसरून चालणार नाही.

खेळाने हा प्रश्न मापात बांधला आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचं वजन किमान 500 ग्रॅम, 25 मीटर पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम. तपासणीत पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला तेवढं वजन लावतात. ते अधांतरी उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तरच पिस्तूल पास. 25 मीटरच्या याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने कोपराच्या दुखापतीतून परत येऊन 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. हात सावरायला वेळ, उपचार आणि जाणकार माणसं मिळाली, तर काय होतं याचं ते उदाहरण.

हंगेरीच्या कारोली टाकाशचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि 1948 व 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. भारताच्या मनीष नरवालचा उजवा हात जन्मतः अधू. डाव्या हाताने नेम धरत त्याने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण आणि पॅरिसमध्ये रौप्य मिळवलं. या कहाण्या मन भरून सांगाव्यात. पण त्या दोघांचा दुसरा हात शाबूत होता, हेही सांगावं. ज्याचे दोन्ही हात कमजोर आहेत, त्याला पॅरालिम्पिकमध्ये रायफल मिळते, स्टँडवर ठेवून. पिस्तुलाचे प्रकार मात्र ज्यांना शस्त्र स्वतः पेलता येतं अशांसाठीच आहेत. ही उणीव जिद्दीने भरून निघणारी नाही, ती नियम बनवणाऱ्यांनी भरायची आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते तरी करता येईल. जिल्ह्यातल्या शूटिंग रेंजने हाताची दुखापत असलेल्या नवख्याला आधी 500 ग्रॅम चापाचं एअर पिस्तूल द्यावं. त्याचा चाप कारखान्यातूनच कमी-जास्त करता येण्याजोगा असतो, घासाघासीची गरज पडत नाही. हाताची ताकद मोजणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला नोंदणीच्या वेळीच घ्यावा. रिव्हॉल्व्हरच हवं असणाऱ्या परवानाधारकाचं काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावं, आणि काम झाल्यावर चापाचं वजन, चाचणीत झाडलेल्या गोळ्या आणि न सुटलेल्या गोळ्या यांची लेखी नोंद मालकाला मिळावी. राज्य नेमबाजी संघटनेने अशा कारागिरांची यादी प्रत्येक रेंजच्या फलकावर लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. नाशिकसारख्या शहरात या हंगामापासूनच ते सुरू होऊ शकतं.