अतिथीला तिथी विचारणारे आम्ही

दिवाळीच्या फराळाबरोबर अलीकडे घरोघरी एक नवा पदार्थ वाढला जातो: परदेशी हिंडून आलेल्या मुलामुलींच्या हकिगती. पूर्वी विलायतेहून आलेला माणूस तिथल्या इमारतींची उंची आणि रस्त्यांची रुंदी सांगे. आताची मुले पाठीवर पिशवी टाकून, बेताच्या पैशांत, कधी पायी तर कधी मिळेल त्या वाहनाने फिरतात आणि परत आली की माणसांच्या गोष्टी सांगतात. वाट चुकलो तेव्हा एकजण कामधंदा सोडून मैलभर बरोबर चालत आला. ताप भरला तेव्हा शेजारच्या खोलीतल्या अनोळखी बाईने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ऐकणारी मंडळी चकली मोडता मोडता थांबतात आणि म्हणतात, "काय सांगतोस! ओळख ना पाळख, आणि एवढं केलं?"

माझे भांडण या उद्गाराशी आहे.

मी शाळामास्तर. परदेश मी पाहिला तो भिंतीवरच्या नकाशावर काठी फिरवताना. तेव्हा तिकडची माणसे कशी असतात, यावर मी बोलू नये, हे मला मान्य आहे. पण या हकिगती ऐकून आपण तोंडात बोट का घालतो, यावर बोलायला पासपोर्ट लागत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी जॉर्जियाच्या डोंगराळ भागात फिरत होता. संध्याकाळची शेवटची गाडी निघून गेलेली. एका म्हातारीने त्याला खुणेनेच घरात बोलावले, चीज भरलेली गरम भाकरी खाऊ घातली आणि मुलाच्या खाटेवर निजवले. सकाळी याने पैसे पुढे केले, तेव्हा बाई रागावली. हा प्रसंग सांगताना त्याचा आवाज भरून आला, आणि ऐकणाऱ्यांनी निकाल दिला की पोराचे नशीब थोर! अहो, नशीब कसले? पाहुणा हा देवाकडून येतो, अशी म्हण त्या देशात लहान पोरांच्याही तोंडी असते. बाईने वेगळे काहीच केले नव्हते. तिच्या दृष्टीने त्या रात्रीत एकच अनपेक्षित गोष्ट घडली असेल, ती म्हणजे सकाळी पुढे आलेल्या नोटा!

म्हणून म्हणतो, 'अनपेक्षित' हे विशेषण त्या चांगुलपणाला लागू पडतच नाही. अपेक्षा आपली असते आणि ती आपण घरून बांधून नेतो.

जपानातल्या शिकोकू बेटाचे उदाहरण घ्या. कोबो दैशी या संतपुरुषाच्या नावाने तिथे 88 देवळांची यात्रा चालते. पायी केली तर वाट सुमारे 1200 किलोमीटरची. या वाटेवरच्या गावकऱ्यांचा एक रिवाज आहे. त्याला ते 'ओसेत्ताई' म्हणतात. यात्रेकरू दिसला की त्याच्या हातावर संत्री, चहा, भाताचा लाडू, कधी चार नाणी ठेवायची. ते नाकारू नये, असा संकेत आहे. यात्रेकरूने बदल्यात आपले नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची, की हिशेब संपला. यात्रेकरूबरोबर प्रत्यक्ष दैशी चालत असतो, अशी तिथली श्रद्धा. यात्रेकरूला दिलेले त्या संताला पोचते. परदेशी पोरगा पाठीवर पिशवी घेऊन या वाटेला लागतो आणि पहिल्याच दिवशी कोणी आजीबाई त्याच्या हातावर संत्री ठेवते. तो चकित होतो. आजीबाई होत नाही.

यातून मला दिसते ते असे, की परक्यावरची माया हा काही कोणा देशाच्या रक्तातला गुण नाही. तो पाळावा लागणारा रिवाज आहे. जिथे तो रोज पाळला जातो, तिथे वाटसरूला खात्री असते. जिथे तो पुस्तकात राहतो, तिथे वाटसरूला नशिबावर विसंबावे लागते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "त्यांना परवडतं हो! खाऊनपिऊन सुखी माणसं ती." या आक्षेपाला 1962 सालीच उत्तर मिळाले आहे. त्या वर्षी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन अशी त्यांची वाट. मधले समुद्र बोटीने ओलांडले, बाकी सारे चालून. आपल्या कोकणात गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी त्यांना निघताना सल्ला दिला की जवळ पैसा ठेवू नका. खिशात पैसा असला म्हणजे माणूस खानावळ शोधतो. नसला म्हणजे त्याला माणसाचे दार ठोठवावे लागते.

पाकिस्तानच्या सरहद्दीवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी त्यांच्यापुढे खाण्याची पुडकी धरली. शत्रूच्या मुलखात उपाशी मराल, ही काळजी. सतीश कुमारांनी ती घेतली नाहीत. ही पुडकी अन्नाची नसून अविश्वासाची आहेत, अशा अर्थाचे काही ते बोलले. सरहद्द ओलांडली, तर एक अनोळखी तरुण त्यांना लाहोरला आपल्या घरी नेण्यासाठी वाट पाहत उभा! पुढे अफगाणिस्तान आणि इराणमधल्या गावांनी त्यांना जेवू घातले. ती गावे श्रीमंत होती, असे कोण म्हणेल? सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातल्या एका बाईने चहाच्या चार पुड्या दिल्या, चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांसाठी. बाँब टाकायची बुद्धी झालीच, तर आधी घोटभर चहा घ्या म्हणावे!

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. 2008 साली पिप्पा बाक्का ही इटालियन कलावंत बाई नववधूचा पांढरा पोशाख घालून मिलानहून जेरुसलेमकडे निघाली. मिळेल त्या मोटारीत बसून जायचे आणि माणसांवर विश्वास टाकता येतो हे दाखवायचे, हा तिचा संकल्प. तुर्कस्तानात गेब्झे गावाजवळ एका मोटारवाल्याने तिचा खून केला. हे उदाहरण झाकून ठेवून मला माझा पक्ष मांडायचा नाही. लेक एकटी निघते म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा उठतो, तो उगीच नव्हे. सावधपणा हवाच. पण त्या एका नराधमाच्या आधी वाटेवरच्या कितीतरी जणांनी तिला सुखरूप पुढे पोचवले होते, हेही तितकेच खरे. सावधपणा वाटसरूने बाळगावा. आपण मात्र तो घरात बसून बाळगतो आणि दार लावून घ्यायला निमित्त म्हणून वापरतो.

आता तिसरा आक्षेप. हा आक्षेप नव्हेच, ही फुशारकी आहे. "यात नवल काय? अतिथीला देव माना, हे जगाला आपणच शिकवलं!" तैत्तिरीय उपनिषदातले ते वचन आता पर्यटन खात्याच्या जाहिरातींतही जाऊन बसले आहे. परंपरेने सांगितलेला 'अतिथी'चा अर्थ तरी आठवा. ज्याला तिथी नाही, जो कळवून येत नाही, तो अतिथी. आपण ज्यांचा पाहुणचार करतो ते सगळे तिथी सांगून आलेले असतात: व्याही, मेहुणे, वरचे साहेब. ते अतिथी नव्हेत. ते निमंत्रित.

आणि जुन्या शास्त्रातही हे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून पाहा. ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियाला अतिथी म्हणू नये, आणि वैश्य व शूद्र आले तर त्यांना नोकरांबरोबर जेवायला घालावे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे देव कोणाला मानायचे, हे जात विचारून ठरायचे.

त्याचा परिणाम काय झाला, तेही लिहून ठेवलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे आत्मकथन दिवाळीत वाचावे असे मी म्हणतो, कोणी नाक मुरडले तरी. 1901 च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचे भीमराव घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलू लागला. जात कळताच मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्याला कबूल झाला, पण बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर. बरोबर जेवण होते. पाणी कोणी दिले नाही. हा सातारा जिल्हा, परदेश नव्हे!

पुढे तेच बाबासाहेब अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे ते सांगतात. बडोद्यात एका पारशी खानावळीत पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून हाकलले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, कोणाच्याच घरात जागा झाली नाही. ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. समुद्रापलीकडच्या परक्यांत ज्याला माणूस म्हणून वावरता आले, त्याला स्वदेशात रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. व्हिसा हवा होता तो इथे.

"झाल्या त्या जुन्या गोष्टी," असे म्हणाल. मग शहरातल्या एखाद्या नव्या इमारतीत जाऊन पाहा. घर भाड्याने मागणाऱ्याला आधी आडनाव विचारतात. सामान पोचवणाऱ्या पोराला आणि धुण्याभांड्याच्या बाईला लिफ्ट निराळी, अशी पाटी कितीतरी ठिकाणी लावलेली असते. तो पोरगा पाचवा मजला चढून येतो, आपण दार चार बोटे उघडतो आणि पुडके ओढून घेतो. घोटभर पाणी विचारायचे सुचत नाही. त्याच घरातला मुलगा परदेशातून फोन करून सांगतो की इथल्या एका अनोळखी माणसाने मला घरी नेऊन जेवू घातले, आणि आई डोळे पुसते!

हे रिवाज आपल्याला अजिबात ठाऊक नाहीत असेही नाही. ज्येष्ठात आळंदी-देहूहून पालख्या निघतात, तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांपुढे पिठले-भाकरीच्या चळती मांडतात, ओसरी मोकळी करून देतात. शिकोकूच्या आजीबाईला हे पाहून आपल्या गावी आल्यासारखे वाटेल. पण पालखी पुढे गेली की ओसरीला पुन्हा कडी लागते. वर्षाचे उरलेले दिवस वाटसरूने कपाळाला बुक्का लावूनच यावे काय?

तेव्हा यंदा मुले आपल्या हकिगती सांगू लागली की डोळे जरूर पुसा, पण नवल करू नका. तुमच्या मुलाला कोणी खाट दिली, त्याचे ऋण त्या म्हातारीला फेडता येणार नाही. ती पैसे घेत नाही. ते फेडायला गिऱ्हाईक आपल्याच दाराशी रोज येते. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही कोणीतरी पुडके घेऊन जिना चढेल. त्याला आडनाव न विचारता आत बसवा, पाणी द्या, फराळाची बशी पुढे करा. तो चकित होऊन तुमच्याकडे पाहील. त्याचे ते पाहणे नीट लक्षात ठेवा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला त्यात काही नवल वाटणार नाही, अशी व्यवस्था करा.