जुने गोवे पाहताना

डिसेंबरची ३ तारीख जवळ आली की हुबळी-धारवाडकडील आमच्या कित्येक कुटुंबांस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाचे वेध लागतात. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर असा घाट उतरून आगगाडी मडगावास नेते. तेथून बसने जुने गोवे. बॉ जेझू बॅसिलिकेत मिस्सा ऐकावी, संतांच्या रुप्याच्या पेटीपुढे गुडघे टेकावे, जत्रेत खाजे घ्यावे आणि परतावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. वाचकहो, तो क्रम आम्हांस मान्य आहे. पण आणखी अर्धा दिवस काढून ते शहरही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

शहर म्हणावयाचे कारण असे की, ही एके काळची मोठी राजधानी. १५१० साली आल्बुकर्कने ती विजापूरच्या आदिलशाहाकडून जिंकली. त्याच काळात स्पेनच्या लोकांनी कॅरिबियन समुद्रात सान्तो दोमिंगो वसविले. तेथील जुन्या कथीड्रलभोवती आजही माणसे नांदतात, आणि ते नगर आजही डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी आहे. जुन्या गोव्यात मात्र मंदिरे उरली, नगर गेले.

पाहण्यास आरंभ मांडवीच्या धक्क्यावरून करावा. तेथे व्हॉइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने ती उभारली. थोडे वर आले की आदिलशाहाच्या वाड्याचे केवळ दार उभे दिसते. पुढे से कथीड्रल. त्याचे काम १५६२ साली सुरू झाले. दर्शनी भागी एकच मनोरा का, असे मुले विचारतील; दुसरा १७७६ साली कोसळला. रस्त्यापलीकडे बॉ जेझू. तेथील रुप्याची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडविली, हे मुलांस आवर्जून सांगावे.

शेवटी टेकडीवर जावे. ऑगस्टिनियन मठाचा अर्धा मनोरा तेथे उभा आहे. १८३५ साली मठ बंद झाला आणि १८४२ साली मंदिराचे छत कोसळले. त्या मनोऱ्यातील घंटा १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरात आहे.

एवढे नगर ओस का पडले? डचांनी व्यापार हिरावला, हे एक कारण. दुसरे अगदी साधे : दाट वस्ती, दलदल, डास आणि घाण मुरलेल्या विहिरी. पटकी व हिवतापाच्या साथी वारंवार आल्या. १७५९ साली व्हॉइसरॉय पणजीस राहावयास गेले, आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. रिकाम्या घरांचे दगडही लोकांनी नव्या बांधकामांसाठी नेले.

ज्यांनी आकाशाला भिडणारी मंदिरे बांधली, त्यांना पायाखालचे पाणी शुद्ध राखता आले नाही. यात्रेहून परतल्यावर आमच्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरीचा कठडा, तिच्या शेजारचा उकिरडा आणि सांडपाण्याची वाट एकदा डोळसपणे पाहावी. चर्चच्या रंगरंगोटीसाठी वर्गणी काढतो तितक्याच उत्साहाने विहिरीचा गाळही काढावा. संतांच्या सणाची ही तयारी आम्हांस कमी पवित्र वाटत नाही.