'केवळ' या एका शब्दाचा वाद

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: 'त्यांचे काय, येशूवर विश्वास ठेवला की सगळे गुन्हे माफ!' असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोक आपसात पाचशे वर्षे वाद घालत आले आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला. माणूस ईश्वरापुढे 'नीतिमान' ठरतो तो केवळ विश्वासाने, स्वतःच्या कमाईने नव्हे, असे त्याने पुढे मांडले. १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याने 'केवळ' हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. कॅथलिकांनी याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवले, कारण तिथे केवळ विश्वास पुरेसा नाही असेच सांगितले आहे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ल्यूथरचे मत धिक्कारले.

पण ल्यूथरने पापाला मोकळीक दिली होती काय? मुळीच नाही. आगीपासून उष्णता वेगळी करता येत नाही, तसे खऱ्या विश्वासापासून सत्कर्म वेगळे करता येत नाही, असे तो म्हणे. आणि ईश्वरी कृपेवाचून माणूस आपल्या कर्मांनी तरतो, हे मत ट्रेंटनेही धिक्कारलेच होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले गेले.

हा प्रश्न आपल्या घरातही आहे. खारिजींनी मोठे पाप करणाऱ्याला थेट इस्लामबाहेर काढले, तर मुर्जिआ म्हणाले की अमल हा ईमानचा भागच नाही. कुरआन मात्र ईमान आणि सत्कर्म यांचा उल्लेख वारंवार जोडीने करतो. आणि कोणीही केवळ आपल्या कर्मांच्या बळावर जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहची रहमत हवीच, हे खुद्द प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

मग हसायचे कोणाला? कलमा पढूनही मापात पाप करणारा आणि आपल्या नमाजा मोजून दुसऱ्याला हलका लेखणारा, असे दोघेही आपल्याच मोहल्ल्यात आहेत. शेजाऱ्याच्या धर्माची थट्टा करण्यापूर्वी आपण त्या दोघांपैकी कोण, हे तपासलेले बरे.