वाट कुणाला ठाऊक असते?

‘बायकांना दिशा कळत नाहीत’ हे विधान आपल्याकडे विनोद म्हणून सांगितले जाते आणि सिद्धान्त म्हणून स्वीकारले जाते. अमुक समूहाला अमुक गोष्ट जन्मतःच येत नाही, हा युक्तिवाद आपल्या समाजाने शतकानुशतके ऐकलेला असल्यामुळे तो पारखून घेणे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम विज्ञानाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखणे किंवा अनोळखी जागी मार्ग शोधणे, अशा चाचण्यांत पुरुषांची सरासरी अनेकदा सरस आढळते. हे अंतर रक्तातून येते की रीतीतून, हा खरा प्रश्न आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईशान्य भारतातील कार्बी आणि खासी या शेजारी जमातींतील सुमारे १,३०० स्त्री-पुरुषांना चार तुकड्यांचे कोडे जुळवायला दिले होते. पितृवंशीय कार्बींमध्ये पुरुषांनी ते स्त्रियांहून लवकर सोडवले. वारसा मुलीकडे जाणाऱ्या खासींमध्ये मात्र असे अंतर दिसले नाही. २०१८ मध्ये मोबाइलवरील मार्गशोधाच्या एका खेळातून ५७ देशांतील माहिती तपासली गेली, तेव्हा जिथे स्त्री-पुरुष समता अधिक तिथे हे अंतर कमी असल्याचे आढळले.

आपला इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याला गावच्या विहिरीला शिवण्याची मुभा नव्हती, त्यालाच गावची शीव बांधाबांधाने पाठ होती. हे ज्ञान वतनाच्या वेठबिगारीतून, रात्रंदिवसाच्या पायपिटीतून त्याच्या अंगी मुरले होते. ती वेठ संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सक्तीची पायपीट गेलीच पाहिजे होती. हिंडण्याचे स्वातंत्र्य मात्र सर्वांना मिळायला हवे होते, आणि ते मुलींपर्यंत अजून पुरते पोहोचलेले नाही. सरपणासाठी डोंगर चढणाऱ्या बाईला कोणती पाऊलवाट कुठे उतरते, हे विचारावे लागत नाही. तीच बाई तालुक्याच्या कचेरीत गोंधळते, कारण तिथे तिचे जाणे-येणे नाही.

आपल्या धम्मपरंपरेत याहून वेगळे उदाहरण आहे. थेरीगाथेतील भद्दा कुंडलकेशा अंग, मगध, वज्जी, काशी आणि कोसल या प्रदेशांत ५० वर्षे चारिका करीत होती.

मुलींना बाहेर पाठवायची भीती वाटते, असे पालक म्हणतात. ही भीती खोटी नाही, आणि आपल्या वस्त्यांतील मुलींच्या बाबतीत तर ती अधिक खरी आहे. परंतु रस्त्याच्या अपराधाची शिक्षा मुलीला देऊन रस्ता सुधारत नाही. म्हणून निवासी शाळांनी हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हाती घ्यावे, असे मला वाटते. सहावीतल्या प्रत्येक मुलीने गणपती घाटापासून एस.टी. स्थानक, ग्रंथालय, दवाखाना आणि तहसील कचेरीपर्यंतचा वाईचा नकाशा स्वतः फिरून काढावा. नववीतल्या मुलींनी लोहारे गावाजवळची पालपेश्वरची बौद्ध लेणी गाठावीत. सोबत शिक्षिका असावी, पण वाट मुलींनी दाखवावी. वसतिगृहाच्या बाजाराची यादी आणि पैसे मुलांइतकेच मुलींच्याही हाती यावेत.

पुढे याच मुली पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत जातील. अनोळखी चौकात उभे राहिल्यावर त्यांची जी घालमेल होते, तिला त्यांच्या बुद्धीची उणीव म्हणू नये. लहानपणी आपण त्यांना जाऊ न दिलेल्या शेकडो फेऱ्यांची ती थकबाकी असते, आणि ती फेडण्याची जबाबदारी आपली आहे.