सुताचा भाव विचारतो, अर्थिंग नाही

भिवंडी-मालेगावचे आम्ही यंत्रमागवाले सुताच्या भावात रुपया-आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करतो. कारखान्याचे अर्थिंग कधी तपासले, या प्रश्नावर मात्र गप्प. फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून माग चालू! एमसीबी आहे ना, असे काही बांधव म्हणतात. ती जादा भार व शॉर्टसर्किटमध्ये वायर वाचवते. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, घरीसुद्धा. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली, ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो तो कारागीर, शेठ नव्हे. 'सारखी पडते, धंदा थांबतो' म्हणून आरसीसीबी काढून टाकणारेही आमच्यातच आहेत. अहो, सारखी पडते म्हणजे कुठेतरी करंट गळतो आहे; आधी वायरमनला बोलवा.