चढत्या विमानातील हजार फूट

वैमानिक किंवा विमान नियंत्रक यांचा प्रश्न निघाला की आपल्याच संघटनांतून सूर उमटतो, ‘हे तर जाड पगारवाले!’ आम्हाला हा सूर मान्य नाही.

उड्डाणानंतर विमान एका दमात वर जात नाही. नियंत्रक टप्प्याटप्प्याने उंची देतो. एक वैमानिक ती यंत्रात लावतो, दुसरा पडताळतो, आणि शेवटचे हजार फूट उरले की तसे मोठ्याने सांगायचे असते. याच वेळी रेडिओ बदलायचा असतो, ढग चुकवायचे असतात. दिलेल्या उंचीच्या वर हजार फुटांवरच दुसरे विमान असू शकते. आपले विमान मिनिटाला दोन-तीन हजार फुटांनी चढत राहिले, तर ते आता थांबणार आहे हे टक्कर टाळणाऱ्या यंत्राला कळत नाही. ते धोक्याचा आदेश देऊन मोकळे होते. म्हणून शेजारच्या थरात विमान असल्यास शेवटच्या हजार फुटांत हा वेग दीड हजाराच्या खाली ठेवावा, अशी शिफारस आहे. हे सारे पहाटे तीनला, जागरणाच्या चौथ्या रात्रीही अचूक व्हायला हवे.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर काय झाले? दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांची मर्यादा होती, समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० ची. कझाक विमान खाली आले आणि ३४९ माणसे गेली. सौदी विमानात आखाती देशांत मजुरीला निघालेले कितीतरी भारतीय होते. लाहोटी आयोगाने कझाक कर्मचाऱ्यांची चूक नोंदवली, ती होतीच. पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग कुणी ठेवला होता? विमानाची उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार नियंत्रकाच्या हाती का नव्हते? स्वतंत्र मार्ग आणि टक्कर टाळणाऱ्या यंत्राची सक्ती नंतर आली.

यंत्र आले म्हणून माणूस सुटला असेही नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमाने धडकली, ७१ जण मेले. यंत्र एका विमानाला ‘वर जा’ म्हणत होते, नियंत्रक ‘खाली या’. तो नियंत्रक एकटाच दोन जागा सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला, टेलिफोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. पुढे २००७ साली स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चौघांना दोषी ठरवले, त्यांत व्यवस्थापक होते. आपल्याकडे चौकशीची शिडी इतक्या वर चढताना क्वचितच दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली. ती अमलात यायला २०२५ उजाडले, त्यासाठी संघटनांना न्यायालयात झगडावे लागले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे धडाधड रद्द होताच रात्रपाळीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. मनुष्यबळ वेळेवर न भरणाऱ्याला सवलत, आणि ताण जागणाऱ्याला!

महासंघाच्या मागणीपत्रात आम्हाला तीन गोष्टी हव्यात: विश्रांतीच्या नियमांना सूट नाही, रात्री कोणताही नियंत्रक एकटा नाही, आणि उंची चुकल्याचे स्वतःहून कळवणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही. शेवटची मागणी व्यवस्थापनाला सर्वांत जास्त टोचेल, कारण त्या कागदांवर कामाचे तासही लिहिलेले असतील.